अण्णा आज आला का

रविवारी सकाळी साडेआठला, बाजार ऐन रंगात यायच्या वेळी, मथुराच्या ओट्यावर एक मेलेला मासा आला आणि तिचं डोकं चालेनासं झालं.

आता मासेवालीच्या ओट्यावर मेलेला मासा येणार नाही तर काय येणार? तीस वर्षं ती अंधेरी पश्चिमेच्या बाजारात त्याच ओट्यावर बसत होती. रावस, घोळ, सुरमई, काय काय तिच्या हाताखालून गेलं होतं. बाई, तू कुठली, असं तिने एकीलाही कधी विचारलं नव्हतं. पण हा मासा बघितला आणि तिच्या हातातला कोयता हातातच राहिला.

तो खोक्यातून काढायला सहदेवची दोन माणसं लागली. सहदेव म्हणजे धक्क्यावरचा दलाल, बाहेरगावचा मोठा माल तो बाजारात पोचवायचा. मासा हेकरू होता. हेकरू म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा, जाड ओठांचा, कायम रुसलेल्या तोंडाचा मासा. वेसाव्याच्या, म्हणजे तिच्या कोळीवाड्यातल्या, होड्यांना मिळतं ते हेकरू फार तर हातभर असतं. हे ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं आणि वर शेपटी बाहेर लटकत होती.

"कुठलं रं हे?" मथुराने विचारलं.

"अंदमानचं. विमानानं आलंय," सहदेव म्हणाला. "मितेशभाई केटररची ऑर्डर हाय, लग्नाच्या जेवणाला. दहाला येईल तो. तवर तुकडे करून ठेव."

सहदेव निघून गेला. मथुराने माशाच्या तोंडाकडे बघितलं. वरचा ओठ एका बाजूला फाटलेला होता. तिने नजर फिरवली, मग परत बघितलं. ओठ फाटलेलाच होता.

मथुराचा एकुलता एक मुलगा प्रज्योत चार वर्षांपासून अंदमानातल्या एका बेटावर होता. काम काय, तर पाठीला हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राच्या तळाशी न्यायचं, मोठमोठे मासे दाखवायचे आणि परत वर आणायचं. नुसते दाखवायचे. हे काम मथुराला पहिल्या दिवसापासून उमगलं नव्हतं. तिच्या सगळ्या पिढ्या समुद्रात गेल्या त्या मासे आणायला. मासा बघायला कोण जातं? आणि रिकाम्या हातांनी वर आलेले लोक उलट याचेच आभार मानतात, हे तिने शेजारच्या ओट्यावरच्या जयंतीला सांगितलं, तेव्हा जयंती हसून हसून बर्फाच्या पाटीवर आडवी झाली होती.

मागच्या डिसेंबरात प्रज्योतने विमानाचं तिकीट पाठवलं. "आये, एकदा ये, डोळ्यानं बघ, मग बोल," म्हणाला. तिचा नवरा लहू कंबर धरून बसलेला, त्याच्याच्याने हलवत नव्हतं. मथुरा एकटी गेली. आणि तिथे त्या पोराने आपल्या पन्नाशी उलटलेल्या आईला अर्ध्या बाह्यांचा काळा रबरी पोशाख चढवला, तोंडात नळी दिली आणि पाण्यात नेलं. सगळं तिने मुकाट करून घेतलं. फक्त बांगड्या उतरवायला ती तयार होईना.

"काच हाय, आये. फुटली तर हात कापंल."

"तुझा बापूस जिता हाय तवर या उतरायच्या नाय. नसेल न्यायचं तर नको नेऊस."

शेवटी पुढेमागे सोन्याच्या पाटल्या आणि मध्ये हिरवी काच, अशी ती तशीच खाली गेली.

खाली गेल्यावर तिला काही म्हणजे काही समजेना. आधी ते पाणीच तिला पटलं नाही. वेसाव्याच्या पाण्यात हात बुडवला की आपली बोटं आपल्याला दिसत नाहीत. इथे खालची वाळू दिसत होती, वरचं ऊन दिसत होतं, आणि मध्ये पोवळ्यांचे खडक, कुठे कोबीच्या गड्ड्यांसारखे, कुठे हरणाच्या शिंगांसारखे. तांब माशांचा थवाच्या थवा तिच्या नाकासमोरून गेला. चादरीएवढं चपटं पाकट वाळूतून उठलं आणि अंग झटकून सावकाश निघून गेलं. मथुरा सवयीने प्रत्येकाचं वजन करत होती आणि प्रत्येक वेळी हिशेब अर्धवट राहत होता, कारण पुढचा त्याहून मोठा यायचा. जाळं नव्हतं, होडी नव्हती, आरडाओरडा नव्हता, आणि कुणीच पळत नव्हतं. तिला बघून मासा घाबरत नाही हे इतकं विचित्र होतं, की आपण मेलो की काय अशी शंका तिला मधेच येऊन गेली. प्रज्योत अंगठा आणि बोट जुळवून सारखा विचारत होता, ठीक आहेस ना? तीही बोटं जुळवून सांगत होती, ठीक आहे. ठीक आहे की नाही ते तिलाच कळत नव्हतं.

मग कपारीतून अण्णा आला.

अण्णा हे त्या हेकराचं नाव. तोंड वडीलधाऱ्या, रुसलेल्या माणसाचं, म्हणून तिथल्या मुलांनी ते ठेवलं होतं. रोज सकाळी तो त्याच कपारीतून बाहेर यायचा आणि प्रज्योतच्या बाजूने चालायचा, म्हणजे पोहायचा. लांबलांबून लोक त्याला बघायला येत. कधीतरी गळ तोडून सुटल्यामुळे त्याचा वरचा ओठ एका बाजूला फाटलेला होता. त्या दिवशी तो आला, प्रज्योतजवळ थांबला, मग मथुराच्या समोर येऊन डोळे फिरवत तिला न्याहाळू लागला. मथुराने आयुष्यात एवढा मासा जिवंत बघितला नव्हता. तिचा ऊर भरून आला, अगदी देवळात येतो तसा. आणि ऊर भरून आलेला असतानाच तिचा हात पुढे गेला, अंगठा आत घातला आणि तिने अण्णाचा कल्ला उघडला.

ताजा आहे का ते बघायला.

तीस वर्षांची सवय, दुसरं काय? हात काही तिला विचारून गेला नाही. कल्ला आतून लालभडक होता आणि हलत होता, एवढं तिने बघितलं. दुसऱ्या क्षणी पाण्यात ढोल वाजावा तसा दणका झाला, शेपटीचा तडाखा बसला आणि अण्णा गायब.

"आये, जिता मासा होता तो," वर आल्यावर प्रज्योत नळी काढत म्हणाला. "जित्या माशाचा कल्ला कोण बघतं?"

"मना काय म्हाईत. हात गेला."

अण्णा तीन दिवस फिरकला नाही. प्रज्योत एक दिवस आईशी बोलला नाही. प्रज्योतच्या कामावरच्या जोडीदाराने पाण्यात सगळं टिपलं होतं, पण प्रज्योतने तो व्हिडिओ आईला कधी दाखवला नाही, तिची फजिती नको म्हणून एक फोटो तेवढा दिला. चौथ्या दिवशी अण्णा आला आणि घरातलं सुतक फिटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मथुराने विषय काढलाच. होडी गणपतीपासून किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. लहूला आता ती झेपणार नव्हती. मढचा खंडू ती विकत मागत होता. "तू येणार असशील तर ठेवतो," ती म्हणाली. "नायतर तसं सांग."

प्रज्योत बराच वेळ वाळू उकरत बसला. मग म्हणाला, "आये, अण्णा येतोय तवर मी इथं. ज्या दिवशी तो यायचा बंद होईल, त्या दिवशी सामान बांधून घरी. मग होडीवर बसतो. तुझ्या गळ्याशपथ."

हे वचन होतं की आईची समजूत, ते मथुराने खणून बघितलं नाही. तिने घरी येऊन लहूला सांगितलं, आणि लहूने खंडूला आज ना उद्या करत फेब्रुवारीपर्यंत आणलं. आता खंडूचाही धीर संपला होता. आज संध्याकाळी तो वेसाव्याला येऊन शेवटचं उत्तर घेणार होता. हो किंवा नाही. लहू सकाळी म्हणाला होता, "तुझा पोरगा, तुझा मासा. तूच ठरव आनि मना सांग."

आणि बरोबर त्याच दिवशी हे हेकरू ओट्यावर येऊन पडलं होतं.

"कापतेस का नाय?" जयंतीने पलीकडून विचारलं. "त्याची पूजा चाललीय का?"

"ओठ बघ गं याचा. जुनी जखम वाटते का नवी?"

जयंती उठून आली, वाकून बघितलं. "गळानंच मारलंय, फाटणारच. इथं नवी हाय. पन ही कड पांढरी हाय बघ, ही जुनी असंल. नायतर बर्फानं पांढरी पडली असंल." आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे परत गेली.

म्हणजे जुनीही असेल आणि नवीही असेल. मथुराला एवढं तर स्वतःलाही कळत होतं. अण्णाचा ओठ कुठल्या बाजूला फाटलेला होता? तिच्या उजव्या हाताच्या बाजूला. पण तो समोर होता, म्हणजे त्याची डावी. या माशाची उजवी फाटलेली होती. की आता तो आडवा पडलाय म्हणून उलटं दिसतंय? ती ओट्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून आणखी घोळ झाला. तिने फोनमधला फोटो उघडला. फोटोत अण्णा पाठमोरा वळलेला होता, नुसती भली मोठी पाठ आणि ठिपके. ठिपके सगळ्याच हेकरांना असतात.

वास्तविक तिला दुसरी गोष्ट कळेनाशी झाली होती. हा अण्णा असावा असं तिला वाटत होतं, की नसावा असं? अण्णा असेल तर पोरगा घरी येईल. होडी राहील, लहू पुन्हा किनाऱ्यावर जाऊन चार शिव्या घालायला लागेल, घरात ताटं वाढतील. एका माशाच्या बदल्यात. मासा तसाही मेलेला होता, तिने काही मारला नव्हता. पण तोच मासा तिच्यासमोर येऊन डोळे फिरवत उभा राहिलेला, त्याचा कल्ला तिच्या अंगठ्याखाली धडधडलेला, आणि आता ती देवाकडे मागणार काय, की हाच तो असू दे? तिने आई एकवीरेचं नाव घेतलं आणि पुढे काय मागायचं ते तिला सुचेना.

गिऱ्हाईक येत होतं. "मावशी, रावस ताजा आहे ना?"

"आजचाच आहे," मथुरा म्हणाली. तिचं तोंड हे वाक्य तिच्याशिवायही म्हणू शकत होतं. लहानपणी प्रज्योत शाळेतून येऊन ओट्यामागे डबा खात बसायचा, तेव्हा तोही तिच्याबरोबर पुटपुटायचा. डोळ्याला डोळा भिडवायचा, मान जरा तिरकी करायची, आवाज खाली आणायचा: आजचाच आहे. काल रात्रीचा असला तरी आजचा, आणि परवाचा असला तरी आजचा.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने हेकराचा फोटो काढला. ओठ नीट दिसेल असा. प्रज्योतला पाठवायचा, खाली काही लिहायचं नाही. तो एवढ्या लांबून काय तपासणार? अण्णाच समजेल, रडेल, आणि सामान बांधेल. तिचं बोट फोटोवर दोन मिनिटं नुसतं थांबून राहिलं. मग पाठवण्याऐवजी तिने फोन लावला. आधी विचारू, मग ठरवू, असं ती मनाशी म्हणाली. तिकडे दिवस लवकर उजाडतो, सकाळची फेरी एव्हाना संपलेली असते, हे तिला ठाऊक होतं.

"काय गं आये? बाजारात नाय का?"

"बाजारातच हाय. जेवलास का?"

"नऊ वाजलेत आये."

"बरं. अण्णा आज आला का?"

तिकडे वारा वाहत होता. कुणीतरी टाक्या एकमेकींवर आपटत होतं.

"आला ना," प्रज्योत म्हणाला. "न येऊन जातो कुठं?"

मथुराचा श्वास मोकळा झाला. समोरचं हेकरू एका क्षणात परकं झालं. आणि पोरगाही तिथलाच राहिला. आनंद झाला म्हणावं तर डोळे भरून येत होते.

"आजचा व्हिडिओ पाठव ना," ती म्हणाली. "लई दिवस बघितला नाय त्याला."

"आजचा?"

"हो. कितीसा वेळ लागतो?"

"पाठवतो," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "तू का विचारतेस आये?"

"असंच. खंडू येनार हाय संध्याकाळी."

"हां," प्रज्योत म्हणाला. आणि फोन ठेवला.

व्हिडिओ यायला पाव तास लागला. तेवढ्या वेळात मथुराने दोन रावस कापले आणि एकाचे तुकडे चुकून भलत्याच पिशवीत भरले. फोन वाजला तसे तिने हात पदराला पुसले. व्हिडिओखाली प्रज्योतने लिहिलं होतं: बघ आये. आजचाच आहे.

तिने लावला. निळं पाणी, कोबीच्या गड्ड्यांसारखे खडक, आणि कपारीतून सावकाश बाहेर येणारा अण्णा. तोच रुसवा, तोच ओठ. तो प्रज्योतच्या बाजूने आला, थांबला, मग वळून कुणाकडे तरी बघू लागला. मथुराला हसू फुटलं. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. व्हिडिओ संपता संपता खालच्या कोपऱ्यातून एक हात आत येऊ लागला. बोटं, मग मनगट, मनगटावर सोन्याची पाटली, मागे हिरवी काच, मागे पुन्हा पाटली. तिथे व्हिडिओ तोडलेला होता.

तिने तो परत लावला. मग तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा तिने फोन खाली ठेवला आणि आपला हात समोर धरून बघितला. माशाच्या रक्ताने बरबटलेला होता, पण पाटल्या त्याच होत्या. हा हात पुढे काय करणार आहे हे तिला माहीत होतं. प्रज्योतलाही माहीत होतं, म्हणून तर त्याने ते कापलं होतं. घाईत बांगड्या तेवढ्या राहून गेल्या.

म्हणजे आजचा व्हिडिओ त्याच्यापाशी नव्हता. म्हणजे अण्णा आलेला नव्हता. आज नाही, कदाचित आठवडाभर नाही. आणि तरीही पोरगा म्हणाला, आला ना.

त्याने हे कशासाठी केलं ते तिला कुणी समजवायला नको होतं. त्याला यायचं नव्हतं. मासा असता तरी यायचं नव्हतं आणि मासा नसला तरी यायचं नव्हतं. मासा फक्त आईला सबब म्हणून द्यायला बरा होता. तिला राग यायला हवा होता, गळ्याची शपथ खाऊन असं करतात का? राग काही येईना. त्या हाताच्या मागे, त्या पारदर्शक पाण्यात, आपला पोरगा जसा दिसला होता तसा किनाऱ्यावर होडीत कधीच दिसला नव्हता, हेच तिला सारखं आठवत राहिलं. आणि खोटंही कसं बोलला, तर आईचंच वाक्य घेऊन. डोळ्याला डोळा नव्हता, तरी मान तिरकी केलेली तिला दिसली.

"मावशी, अजून कापला नाही?" मितेश समोर उभा होता. पांढरा शर्ट, दोन फोन, मागे टेम्पोवाला. "दहा वाजले. ताजा आहे ना पण?"

मथुराने सकाळपासून एक गोष्ट केली नव्हती, ती आता केली. तिने अंगठा घातला आणि हेकराचा कल्ला उघडला. आत तपकिरी होतं आणि काहीही हलत नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "सहा दिवसांचा हाय. बर्फात हाय म्हणून चालंल. घेतोस तर घे."

मितेश तिच्याकडे बघतच राहिला. जयंतीही पलीकडून मान वर करून बघायला लागली. मितेशला या बाजारात कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. खरं बोलण्यामागे हिची काय चाल असेल ते त्याला कळेना.

"कापून द्या," शेवटी तो म्हणाला. "डोकं वेगळं."

"डोकं मी कापायची नाय. जयंती कापंल."

हा अण्णा होता की नव्हता? तिला शेवटपर्यंत कळलं नाही. जयंतीचा कोयता पडायला लागला तशी ती ओट्यामागे पाठ फिरवून बसली आणि प्रज्योतला आवाजी निरोप पाठवला. "बघितला रे. चांगला दिसतो. जेवत जा वेळेवर." मग तिने लहूला फोन लावला.

"खंडूला हो सांगा," ती म्हणाली.

तिकडे घराबाहेर कुणीतरी सुकटीवरचे कावळे हाकलत होतं, ते ऐकू येत राहिलं.

"म्हंजे येत नाय तो."

"अण्णा येतोय ना अजून. वचनच हाय तसं. त्यानं व्हिडिओ पाठवलाय, घरी आले की दावते."

"कवाचा हाय?" लहूने विचारलं. "जुना तर नसंल?"

मथुराने डावा हात पदराखाली घेतला आणि बांगड्या मनगटावर मागे सारल्या. घरी गेल्यावर व्हिडिओ शेवटपर्यंत दाखवायचा नाही, हे तिने मनात पक्कं केलं.

"नाय वो," ती आवाज खाली आणून म्हणाली. "आजचाच हाय."